शोकेसमधला दिवा

आज खारघरला एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो होतो. जेवण झकास, मसालेभात तर पुन्हा मागून घेतला. मग साहेबांनी शोकेस उघडली आणि मातीचा एक छोटा दिवा माझ्या हातात दिला. "रोमन काळातला आहे. सिरियाचा. दुबईत स्वस्तात मिळाला, तिकडे आता कोण विचारतंय!" लगेच सगळे वा वा करत फोटो काढायला लागले.

माझं डोकंच सटकलं. कोणी विचारत नाही म्हणूनच तर तो तुझ्या शोकेसमध्ये आलाय ना! सिरियात आयसिसच्या ताब्यातल्या भागात खणायला परवाने मिळायचे, मालावर कर लागायचा. अमेरिकी सैन्याच्या २०१५ च्या छाप्यात त्याच्या पावत्यासुद्धा सापडल्या. आणि एकट्या आयसिसचंच कशाला? सिरियातल्या अपामिया या प्राचीन शहराचे २०११ आणि २०१२ चे उपग्रह फोटो शेजारी ठेवून बघा. वर्षभरात सगळे चोरांचे खड्डेच खड्डे.

कॉलेजात असताना एका उत्खननावर काम केलंय मी. आमचे सर एका चुलीपाशी ब्रश घेऊन अख्खी दुपार उन्हात बसले होते. निघालं काय, तर जळके दाणे, माशाचे काटे आणि थोडी खापरं. प्रत्येक पुडीवर चर, थर, खोली लिहायची. आम्ही कंटाळलो, सर नाही. त्या पुड्यांवरून पुढे त्यांनी सांगितलं की तिथले लोक काय खायचे. दाणे कुणी नुसते उचलून नेले असते तर?

हा दिवा घरातला होता की थडग्यातला? शेजारी काय होतं? फावडं घालणाऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

म्युझियममधली चोरी निदान यादीवरून सापडते. १९७४ मध्ये तुर्कस्तानने उत्तर सायप्रस घेतलं, नंतर तिथल्या कनाकारियाच्या चर्चमधली सहाव्या शतकातली मोझेक भिंतीवरून उचकटून नेली. ती एका अमेरिकन विक्रेतीने दहा लाखांहून जास्त डॉलर्सना विकत घेतली, तरी १९८९ मध्ये कोर्टाने सायप्रसच्या बाजूने निकाल दिला. कारण ती आधीच नोंदलेली होती, फोटो होते. रात्री जमिनीतून काढलेल्या वस्तूची नोंद कुठे असणार? सिरियाने मागायचं तरी काय? व्याप्त प्रदेशात जे वाचवणं अगदी भाग आहे तेवढं सोडून उत्खनन करू नये, असं युद्धात वारसा जपण्यासाठीच्या हेग कराराच्या १९९९ च्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय. लिहिलंय, एवढंच.

मान्य, दिवा खोटाही असेल. असा माल भरपूर विकतात. आणि पोटासाठी खणणाऱ्या गरिबावर माझा राग नाहीच.

सिरियातल्या पाल्मिराचे पुरातत्त्वज्ञ खालिद अल असद यांचं नाव किती जणांना माहीत आहे? आयुष्य त्या अवशेषांत घालवलं. वस्तू कुठे लपवल्यात ते सांगितलं नाही म्हणून आयसिसने २०१५ च्या ऑगस्टमध्ये भर चौकात मारलं. वय ऐंशीच्या पुढे होतं. आमच्या सरांचाच स्वभाव तो. त्यांनीही पुडी दिली नसती कुणाला.

आपल्याकडचंच बघा. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप खणला आणि कोणत्या डबीत काय, भोवती काय, सगळं लिहून ठेवलं. चोरांनी आधी गाठला असता तर त्यातल्या आठ बुद्धमूर्ती आज आठ दिवाणखान्यांत असत्या, आणि स्तूप कशाचा हेही कळलं नसतं.

मित्राला तिथेच विचारलं, कागद आहेत का? हसला. "अरे, दिव्याला कसले कागद!" बायको म्हणते आहे की पोस्ट टाकू नकोस, तो लिस्टमध्ये आहे. असू दे. वाच बाबा, आणि त्या दुबईवाल्याची पावती असेल तर टाक कॉमेंटमध्ये.