समावेशक बिझनेस स्कूल कसं दिसावं (फोटोत)

मागच्या आठवड्यात आमच्याकडे अ‍ॅक्रेडिटेशनची, म्हणजे दर्जा तपासून मान्यता देणारी, टीम येऊन गेली. त्याआधी फोटोग्राफर. त्या चार दिवसांत मला समता, विविधता आणि समावेशकता या विषयात जे काही ज्ञान झालं ते स्वतःपाशी ठेवणं पाप आहे, म्हणून होतकरू डायरेक्टर, डीन आणि चेअरपर्सन मंडळींसाठी खाली देतेय. घ्या, वापरा, श्रेय नको. (तसंही मिळत नाहीच.)

पहिलं काम समिती. कोणाला घ्यायचं हा प्रश्नच नाही, ज्यांना सामावून घ्यायचंय त्यांनाच कामाला लावा. डिपार्टमेंटमध्ये दोन बायका असतील तर दोघी, एखादा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या उच्चारांचा, जरा बुजरा माणूस असेल तर तोही. अध्यक्ष मात्र अनुभवी हवा, म्हणजे ज्याला उभ्या आयुष्यात कुणी दारात अडवून 'आपण कोण?' असं विचारलेलं नाही असा. मीटिंग संध्याकाळी साडेसहाला ठेवा, लहान मूल घरी असलेली येणार नाही, मग मिनिट्समध्ये 'सदस्यांचा प्रतिसाद अल्प' असं लिहिता येतं. मिनिट्स कोण लिहितं ते विचारू नका. आणि हे सगळं काम प्रमोशनच्या फॉर्मात 'इतर' या रकान्यात जातं, तेवढ्या वेळात समितीत नसलेल्या सहकाऱ्याचे दोन पेपर छापून येतात, आणि इंटरव्ह्यूत मला विचारतात, मॅडम, रिसर्च जरा कमी पडतोय का?

दुसरं, वर्कशॉप. सक्तीचं, ऑनलाइन, दोन तास, शेवटी सर्टिफिकेट. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी आठशेच्या वर अमेरिकन कंपन्यांचा तीस वर्षांचा डेटा चाळून 2016 साली लिहून ठेवलंय की मॅनेजरांना सक्तीचं ट्रेनिंग दिल्यावर पाच वर्षांनी मॅनेजमेंटमध्ये गोऱ्या बायकांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, आणि कृष्णवर्णीय बायकांचं तर सरासरी 9 टक्क्यांनी घटलं होतं. सक्ती केली की माणूस वैतागतो, एवढं साधं आहे. मेंटॉरिंगने आणि कुणीतरी आकडे घेऊन जाब विचारण्याने फरक पडतो, हेही त्यांनीच सांगितलंय. पण मेंटॉरिंगचा फोटो नीट येत नाही आणि जाब विचारला की लोक दुखावतात, तेव्हा वर्कशॉपच बरं. हा लेख आपण एमबीएच्या पोरांना दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतो. शिकवतो हो, वाचत नाही.

पोस्टर लावा, पण वेल्क्रोवर. एएसीएसबीने, म्हणजे बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, 2020 च्या मानकांत विविधता आणि समावेश हे तत्त्व घातलं तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने बोर्ड रंगवले, 2025 मध्ये त्याच जागी 'कम्युनिटी अँड कनेक्टेडनेस' आलं. रंगाचा खर्च वाया.

केस स्टडीजना, म्हणजे वर्गात चर्चेला घेतो त्या कंपन्यांच्या गोष्टींना, हात लावू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलने दोन वर्षांच्या एमबीएला बायकांना थेट प्रवेश दिला 1963 साली, आणि 2014 मध्ये तिथले डीन नितिन नोहरिया जाहीर माफी मागताना म्हणाले की आमच्या केसेसमध्ये बाई मुख्य पात्र आहे अशा जेमतेम 9 टक्के, त्या 20 टक्क्यांवर नेऊ. म्हणजे पन्नास वर्षं वर्गात बायका आणि केसमध्ये निर्णय घेणारा बाप्या. आपण कशाला मोजायच्या, मोजलं की माफी मागावी लागते. मी माझ्या कोर्समधल्या मोजल्या, 22 पैकी 1. कोर्स मीच डिझाइन केलाय, त्यामुळे गप्प बसले.

क्लास पार्टिसिपेशनला भरपूर मार्क ठेवा. मुलीने मांडलेला मुद्दा तीन मिनिटांनी मुलाने मांडला की मगच फळ्यावर लिहा. हार्वर्डने कोण काय बोललं याची नोंद ठेवायला वर्गात लघुलेखक बसवले होते, आपल्याला प्रोफेसरची स्मरणशक्ती काफी आहे.

एक्झिट इंटरव्ह्यू घेऊ नका. गेलेली माणसं खरं बोलतात.

आणि आता मुख्य गोष्ट, फोटो. फोटोशिवाय समावेशकता होत नाही. फोटोग्राफरला आधीच यादी द्या, दोन मुली, एक परदेशी, एक व्हीलचेअर. हो, यादीत असंच लिहिलं होतं, 'एक व्हीलचेअर', माणूस नाही लिहिलेला. आमच्याकडे ती आहे, फायनान्सची हुशार पोरगी, तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो आणि लिफ्ट सेमिस्टर सुरू झाल्यापासून बंद आहे. तिने एक ईमेल केला, दोन केले, तीन केले, वर्ग खाली आणा एवढंच मागणं. उत्तर काय, तर टाइमटेबल लॉक झालंय, सिस्टीममध्ये बदल होत नाही, पुढच्या टर्मला बघू. मग ती काय करते, तर मैत्रिणीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून खाली लायब्ररीत बसून लेक्चर ऐकते, प्रोफेसर फळ्याकडे वळले की आवाज जातो, प्रश्न विचारला तर कुणाला ऐकू येत नाही, आणि पार्टिसिपेशनचे मार्क? दहापैकी दोन. बोलत नाही म्हणून! आणि फोटोच्या दिवशी तोच वर्ग, तेच टाइमटेबल, तीच सिस्टीम, चाळीस मिनिटांत अख्खा वर्ग तळमजल्यावर. खुर्च्या लागल्या, प्रोजेक्टर लागला, ती पुढच्या रांगेत मध्यभागी, हातात उघडं पुस्तक, मागे मी, 'मॅडम, थोडं हसा ना'. मी हसले. हसले मी, हे पण लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी वर्ग परत वर. ज्या वर्गात तिला या टर्ममध्ये एक लेक्चर धड बसून ऐकता आलं नाही त्या वर्गाचा चेहरा म्हणून ती आता ब्रोशरच्या कव्हरवर आहे.

पुढची टीप 'अहवालात कोणता फॉन्ट वापरावा' ही होती. जाऊ दे, नाही जमत आता.

चाळीस मिनिटं लागली हो. चाळीस! म्हणजे होत नव्हतं असं नाहीच, तुम्हाला करायचं नव्हतं. परक्या चार माणसांसाठी तुम्ही खुर्च्या उचलायला स्वतः उभे राहिलात आणि जी पोरगी तुम्हाला पूर्ण फी भरते तिला सिस्टीमचं कारण सांगितलंत. ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवता ना तुम्ही? एक वर्ग खाली आणता येत नाही? आणि समितीतल्या आम्ही तरी काय, तीन मीटिंगमध्ये तीन वेळा हा विषय 'नोंद घेण्यात आली' म्हणून लिहिला, मीच लिहिला, आणि घरी गेले.

तिचा चौथा ईमेल बुधवारी सकाळी आलाय. मी सीसीत आहे, टू मध्ये तुम्ही आहात. अजून उघडलेला नाही. उघडा तो.