पाणी पिणारा फोम

सध्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी करायची लाट आली आहे. वडील ठणठणीत आहेत. वय 81. पहाटे साडेपाचला फिरायला जाणं, येताना अर्धा लिटर दूध आणणं आणि दूधवाल्याशी भांडणं हा त्यांचा नेम वर्षानुवर्षं मोडलेला नाही. तरी लिफ्टमध्ये लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "होतं हो या वयात. मनावर घेऊ नका."

या सगळ्याला कारण एक रोलर.

मी आमच्या क्रिकेट क्लबचा सहचिटणीस आहे. ज्या मीटिंगला चिटणीस येत नाहीत त्या मीटिंगला चहा सांगणारा तो सहचिटणीस. क्लबकडे मैदानावरचं पाणी टिपायचं एक यंत्र आहे. त्याला सगळे रुबाबात 'सुपर सॉपर' म्हणतात. खरा सुपर सॉपर ऑस्ट्रेलियाच्या गॉर्डन विथनॉल नावाच्या गृहस्थांनी 1970च्या दशकात काढला. आमचा भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरने काढला. पत्र्याचा 4 फूट लांब, 10 इंच व्यासाचा ड्रम, त्यावर 2 इंच जाडीचा फोम, फोमला दाबून पिळणारा एक लोखंडी पाइप आणि पिळलेलं पाणी धरायला खाली ट्रे. ढकलायला जुन्या स्कूटरचं हँडल लावलंय, ब्रेकसकट. ब्रेक कशालाच जोडलेला नाही, पण उतार आला की सगळे तो दाबतात.

तर त्या रविवारी सेमीफायनल. रात्रभर पाऊस. सकाळी आमच्या मैदानाची निगा राखणाऱ्या मामांनी रोलर फिरवायला घेतला. फोम इतका जुना झालेला की दाबला तर दबलेलाच राहत होता. छिद्रांत दोन पावसाळ्यांची माती बसलेली. पाणी उचलायचं सोडून तो अंगचेच तुकडे सोडायला लागला. रोलर पुढे जाईल तशी मागे हिरवळीवर पिवळी बारीक शेव. पाहुण्या टीमचा कॅप्टन शूजच्या टोकाने ती उकरत म्हणाला, "भेळेचा बेत आहे का?"

हसले सगळे. आमचेसुद्धा. मग अध्यक्षांनी त्यांचा आवडता दाखला काढला. 5 जानेवारी 2020, गुवाहाटी, भारत-श्रीलंका ट्वेंटी-ट्वेंटी. खेळपट्टी ओली झाली तेव्हा तिथे हेअर ड्रायर आणि कपड्यांची इस्त्रीसुद्धा चालवली होती. "आपल्याला एक ड्रायर मिळत नाही?" असं ते सगळ्यांना विचारत फिरले. तो सामना त्या दिवशी एक चेंडूही न पडता रद्द झाला, हे त्यांना सांगायची ताकद माझ्यात नव्हती. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोम बदलायचं काम माझ्याकडे आलं. ते कुणी दिलं नाही, मी खाली बघत नव्हतो एवढंच.

सोमवारी संध्याकाळी फोमच्या दुकानात गेलो. रस्त्यापर्यंत गाद्या रचलेल्या. आत गल्ल्यावर मालक आणि शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक काका. काका गिऱ्हाईक नव्हते, नोकर नव्हते, नातेवाईकही नसावेत. आपल्याकडे प्रत्येक दुकानाला असे एक काका असतात. त्यांना पगार मिळत नाही, चहा मिळतो. एका बाजूला आमच्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उशांचे अभ्रे चाचपत होत्या. मी हसलो, त्या हसल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"2 इंची फोम पाहिजे," मी म्हणालो.

"सोफा का बेड?" मालक.

"रोलरला."

"लोड म्हणा की! तक्क्यासकट का नुसता लोड?"

"लोड नाही हो, रोलर. आत पत्रा आहे."

"आत पत्रा?" काका खुर्चीत पुढे सरकले. "टोचेल की."

मालकाने माझ्यापुढे तुकडे मांडायला सुरुवात केली. 23 डेन्सिटी, 32 डेन्सिटी, 40 डेन्सिटी. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, बाकी काही नाही. पण दुकानात तो आकडा सोन्याच्या कॅरेटसारखा उच्चारतात आणि आपणही 'चाळीस' ऐकून मान डोलावतो. मग त्याने कपाटाच्या मागून एक काळा तुकडा काढला, नवरीमुलगी दाखवावी तसा समोर धरला, आणि पाण्याची बाटली घेऊन चक्क त्यावर ओतली. पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून माझ्या चपलेवर पडलं.

"बघा! एक थेंब आत जाणार नाही. गॅरंटी."

"मला आत जाणारा पाहिजे," मी म्हणालो.

दुकान गप्प झालं. त्या माणसाची हयात पाणी आत जाऊ नये यासाठी गेली असणार. गादी, सोफा, बाइकची सीट, सगळीकडे एकच आश्वासन. आणि हा कोण आला पाणी आत घ्या म्हणणारा! मी समजावलं. बंद छिद्रांचा फोम मला चालणार नाही. छिद्रं एकमेकांत उघडणारी पाहिजेत. पाणी लगेच शोषलं पाहिजे, पिळलं की निघून गेलं पाहिजे, आणि पुन्हा शोषलं पाहिजे.

काकांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. आवाज उतरवला.

"घरी कोण असतं वयस्कर?"

"वडील."

"वय?"

"81."

इथे माझी चूक झाली हे मान्य. पण वडीलधाऱ्या माणसाने वडिलांचं वय विचारलं की माझ्या तोंडून उत्तर आपोआप निघतं. चौथीत घटवलेल्या पाढ्यासारखं. आता हे का विचारलं, हा विचार साधारण दोन मिनिटांनी मागून येतो.

"रात्रीचंच होतं ना?" काका.

मी आपला पावसात. "हो, बहुतेक रात्रीच. दिवसा सुरू झालं तर लगेच धावत जाऊन कव्हर टाकता येतं. रात्री कोण उठणार?"

"खरंय. रात्री कोण उठणार." काकांचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. "सकाळी लक्षात येत असेल."

"सातला सगळे जमतात. त्याआधी कोरडं करायचं म्हणजे पळापळ. मागच्या रविवारी तर बाहेरच्या लोकांसमोर शोभा झाली."

"किती जण असता?"

"बावीस."

"एकत्र कुटुंब," काका मालकाला म्हणाले. "अजून आहेत अशी माणसं." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटत, "लाजू नका. माझ्या सासऱ्यांचंही तेच होतं. त्यांना खाली मेणकापड घातलं, वर जुनं लुगडं. फोमच्या नादी लागूच नका, वास धरतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उभा राहून, हातवारे करून, स्कूटरच्या हँडलसकट सगळा रोलर त्यांना हवेत काढून दाखवला. क्रिकेट, मैदान, पाऊस, सेमीफायनल, भेळ. काकांना तिळमात्र संकोच वाटला नाही. "मग आधी सांगायचं," ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास क्रिकेटवर बोलले. 1968 साली लंडनच्या ओव्हलवर प्रेक्षकांनीच मैदानात उतरून पाणी टिपलं आणि मग गोलंदाज अंडरवुडने इंग्लंडला सामना जिंकून दिला, हे त्यांना तोंडपाठ होतं. "लोक उतरले म्हणून झालं," बोट उगारून ते म्हणाले, जणू उतरलो नव्हतो तो मीच. मग मुंबईच्या कांगा लीगवर आले. 1948 पासून ती मंडळी ऐन पावसाळ्यात ओल्या विकेटवर खेळतात, आणि तुम्ही पुण्यातले लोक दवाला घाबरता! हे ऐकवताना काका स्वतः पुण्यातच, पंख्याखाली बसलेले होते.

मी मागे वळून पाहिलं तेव्हा अभ्र्यांच्या ढिगाजवळ कुणी नव्हतं. काकू गेल्या होत्या. त्यांनी कुठपर्यंत ऐकलं हे मला त्याच रात्री जिन्यात कळलं. 'मेणकापडा'पर्यंत.

पुढे मापावरून भांडण. ड्रमचा व्यास 10 इंच, म्हणजे परीघ सव्वाएकतीसच्या थोडा वर. पण 2 इंची फोम गुंडाळला की बाहेरचा व्यास 14 आणि बाहेरचा परीघ 44. एकतीसचा कापला तर वरून ताणून सांधा उघडतो, चव्वेचाळीसचा कापला तर आतून चुण्या पडतात. मी मधला 12 चा व्यास धरून पावतीच्या मागे 22 भागिले 7 मांडून 38 काढलं. मालकाने माझ्या गणिताकडे पाहिलंसुद्धा नाही. छत्तीसवर खडूने रेघ मारली, करवतीच्या पात्याने कडा तिरकी कापली आणि म्हणाला, "ओढून बसतं." ते ओढून बसलं, ही या प्रकरणातली मला सगळ्यात कमी आवडलेली गोष्ट.

खरं काम मामांनी केलं. आधीच्या फोमचा चिकटून राहिलेला थर पटाशीने खरवडायला दोन तास गेले. मग थिनरने ड्रम पुसायचा, बोहरी आळीतून आणलेलं फोम चिकटवायचं सोल्युशन ड्रमला आणि फोमला दोन्हीकडे लावायचं, आणि मग थांबायचं. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतकं सुकेपर्यंत. घाई केली की फोम सरकतो, उशीर केला की धरत नाही. एकदा टेकवला की उचलता येत नाही. मी एक टोक धरून उभा. सोल्युशनच्या वासाने डोकं गरगरलेलं. मामा इंच इंच दाबत ड्रम फिरवत होते. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबा आवळून रात्रभर ठेवला.

एवढा वेळ शेडमध्ये आठ सभासद बसून डीआरएसवर, म्हणजे पंचांचा निर्णय कॅमेऱ्याने तपासायच्या पद्धतीवर, चर्चा करत होते. त्यांच्यातला एक जण बाहेर आला, फोमला बोट लावून "मऊ आहे" म्हणाला आणि परत गेला.

आता थोडं कडू. फोम, सोल्युशन, थिनर, ट्यूबा, रिक्षा धरून 2,400 रुपये झाले, माझ्या खिशातून. खजिनदार म्हणतात, तीन कोटेशनं कुठे आहेत? दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन पुन्हा वडिलांचं वय सांगायची माझी तयारी नाही. मागच्या महिन्यात क्लबच्या ऑफिसात 55 इंची टीव्ही आला, त्याला कोटेशन लागलं नाही, कारण तो 'तातडीचा' होता. मामांच्या रेनकोटचा विषय दोन वर्षं 'पुढील बैठकीत घेण्याचे ठरले' या वाक्यात अडकला आहे. इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे ते वाक्यही माझंच आहे. पाऊस आला की मामा खताची रिकामी गोणी डोक्यावर घेऊन रोलर ढकलतात आणि आम्ही टीव्हीवर हवामान बघतो.

नवा फोम बसल्यापासून पाऊस पडलेला नाही. यंत्र चालतं का हे बघायला मामांनी एक बादली गवतावर ओतली, रोलर फिरवला आणि ट्रेमध्ये घळघळ पाणी आलं. तिथे बघायला मी एकटाच होतो.

घरी मात्र प्रकरण वाढलेलं. दुसऱ्या मजल्यावरून एक पिशवी आली होती: मेणकापड दोन मीटर आणि एका डॉक्टरांचं कार्ड, मागे लिहिलेलं, 'माझं नाव सांगा, लवकर नंबर लावतील.' पिशवी वडिलांनीच घेतली. त्यांनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते पंधरा मिनिटं बोलले नाहीत. मग चष्मा शोधला, मोबाइल घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकेक अक्षर टिपत लिहिलं:

'सदर फोम क्रिकेटच्या रोलरसाठी होता. रविवारी सकाळी 7 वाजता मैदानावर पाण्यासह प्रात्यक्षिक ठेवले आहे. मी स्वतः हजर राहीन. सर्वांनी यावे.'

पहिलं उत्तर दुसऱ्या मजल्यावरून आलं. जोडलेल्या हातांचं चित्र आणि खाली, 'एवढी दगदग नका करू काका. आराम करा.'