सीमाभागातही रविवार असतो

बेळगावच्या आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एक वाद रंगलाय. वर्गातला एकजण बँकेतून निवृत्त झाला, माडीवरची खोली रिकामी केली आणि तिथे छोट्या आगगाड्यांचे रूळ मांडायला बसला. लोंढा जंक्शन करायचंय म्हणतो, पुढे कॅसलरॉकपासूनचा घाट. त्याने फोटो टाकले आणि गटात दोन तट पडले. काहींनी कौतुक केलं. बाकीच्यांचं म्हणणं असं, की इथे मराठी शाळांचे पट घसरतायत, पाट्यांवरून तंटे चाललेत, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवादिवशी, महाराष्ट्र एकीकरण समिती काढते त्या काळ्या दिनाच्या फेरीला तरुण पोरं मिळत नाहीत, आणि हा साठीचा माणूस पुठ्ठ्याचे बोगदे चिकटवत बसलाय. "तो पैसा आणि तो रविवार समितीला दे की," असं एकाने सरळच लिहिलं.

मी इंग्लंडात, एसेक्स परगण्यात राहतो. फेरीत चालत नाही, लाठी खात नाही, त्यामुळे तिथे चालणाऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला कमी आहे. तरीही या वादात मी आगगाडीवाल्याच्या बाजूने आहे, ठामपणे.

याच परगण्यात रॉड स्टुअर्टचं घर आहे. साठच्या दशकापासून गाणारा, जगभर मैदानं भरवणारा रॉक गायक. २०१९ साली इथल्या एका रेल्वे-प्रतिकृतींच्या मासिकाने त्याच्या लॉस एंजेलिसच्या घरातलं काम छापलं आणि लोक थक्क झाले. १९४० च्या दशकातलं एक अमेरिकन शहर, गगनचुंबी इमारती, गिरण्या, पूल, मालधक्के, सगळं खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाएवढं. लांबी सुमारे १२४ फूट. वीसहून जास्त वर्षं त्याने त्यावर काढली. दौऱ्यावर असताना हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा आणि कार्यक्रम नसेल तेव्हा तिथे बसून इमारती रंगवायचा. हे सगळं त्याने स्वतः केलेलं नसणार, असं एका रेडिओ निवेदकाने सुचवल्यावर गड्याने थेट कार्यक्रमात फोन लावला: नव्वद टक्के माझ्या हातचं आहे, विजेचं काम तेवढं मला जमत नाही, ते दुसऱ्याकडून करून घेतलं. जगाने ज्याच्या गाण्यावर कधी शंका घेतली नाही, त्याला डिंक आणि रंगाच्या कामावरची शंका सहन झाली नाही. मला त्या फोनमध्ये त्याचं सगळं मोठेपण दिसतं.

तो एकटा नाही. क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९७० मध्ये सुरू करून पुढे अर्धवट सोडलेला ग्रहांमधल्या धुळीचा अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि २००७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, पीएचडी मिळवली. 'द हू' या बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री याने ससेक्समध्ये ट्राउट माशांची तळी केली. रोलिंग स्टोन्सचा ढोलकिया चार्ली वॉट्स दौऱ्यात झोपलेल्या प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं रेखाचित्र काढायचा. 'याचा उपयोग काय' हा प्रश्न यांना कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीतल्या निवृत्त पोस्टमनलाही नाही. तोही रेल्वे-प्रतिकृती करणाऱ्यांच्या एका मंडळात जातो. गावचा हॉल ताशी भाड्याने मिळतो आणि एखाद्या शनिवारी प्रदर्शन भरतं.

इथलं सगळंच घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. घरामागच्या शेडमध्ये माणूस छंद करतो तो बहुतेक एकट्याने. दार लावलेलं, आत रेडिओ. काही जणांच्या आयुष्यात त्या शेडपलीकडे कुणी उरलेलंच नसतं, आणि ते बघताना जीव तुटतो. आपल्याकडे हौस चार माणसांत होते. बेळगावला पेटीचंच घ्या. कागवाडचे रामभाऊ विजापुरे बेळगावला स्थिरावले आणि त्यांच्यामुळे या गावाची पेटी सगळीकडे नावाजली गेली. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं, त्या काळातही बेळगावात ती घराघरात वाजत होती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून येणारा आमच्या गल्लीतला एक काका संध्याकाळी पायरीवर पेटी उघडून सूर घासत बसायचा. भोवती आम्ही पोरं, आणि कानडी बोलणारे शेजारीही. तो कुणाशी कुठल्या भाषेत बोलतोय, याकडे कुणाचं लक्ष नसायचं. जवळच्याच सुळेभावीत कानडी घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांना मराठी माणसाने कधी परकं मानलं का?

म्हणून सीमाप्रश्न मिटला किंवा सोडून द्यावा, असं कुणी यातून काढू नये. १९५६ साली लोकांना न विचारता रेघ ओढली गेली. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं घटनेचं ३५० अ कलम सांगतं. मराठीतल्या सरकारी कागदासाठीही आमच्या माणसांना भांडावं लागतं. २०२४ मध्ये पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध उभं राहणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तीन पिढ्या ज्या भाषेत निवेदनं, निषेध आणि तारखाच ऐकू येतात, ती नातवंडांना शिक्षेसारखी वाटू लागते. आगगाडीवाल्याचा नातू इंग्रजी शाळेत जातो. आता तो माडीवर आजोबांबरोबर रुळांचे सांधे बसवतो आणि गावातल्या 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात त्या फाटकावर मालगाडीचे डबे मोजताना मराठीत प्रश्न विचारतो. शेजारचा कानडी मुलगाही येतो म्हणे. फेरीत जे साधत नाही ते या खोलीत साधतंय. फेरी हवीच, पण ही खोलीही हवी.

गटावर तोवर एक शब्दही न लिहिलेल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने शेवटी लिहिलं: "तुम्ही मोर्चाला जा नाहीतर गाड्या खेळा. आमचा रविवार कुठाय?" त्यावर दिवसभर कुणी उत्तर दिलं नाही. वर मी दिलेली नावंही सगळी पुरुषांचीच आहेत, आणि त्यांच्याकडे घर चालवायला पैसा आहे, माणसं आहेत. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या घरात रविवार म्हणजे पाहुणे, मटण, आणि दुपारी तीनपर्यंत न संपणारी भांडी. तिच्या हातची कशिदाकारी मी शाळेत पाहिलीय. ती थांबली, कारण तेवढा वेळ तिचा आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. छंदाची बाजू घेणाऱ्याने आधी इथे उत्तर द्यायला हवं.

माझी सूचना साधी आहे. पट घसरलेल्या मराठी शाळांमध्ये रिकामे वर्ग आहेत. संस्थाचालकांनी त्यातला एक रविवारी उघडावा: पेटीदुरुस्ती, आगगाडी, भरतकाम, ज्याला जे येतं ते, आणि कुठल्याही भाषेच्या पोराने यावं. वीजबिल आम्ही परदेशातले वर्गमित्र भरू. वेळ मात्र सकाळची नको. सकाळ ठेवली तर अर्धा गाव स्वयंपाकघरात अडकेल. चारनंतर ठेवा, आणि चहाचं आधण पुरुषांनी ठेवावं.