‘गरम पाण्याने पोळलं तर क्लेम बसत नाही’: त्या मेसेजच्या एकेका ओळीला उत्तर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घराघरांत कुरडया-पापडांची धांदल सुरू झाली की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज नव्याने फिरायला लागतो. वर लाल दिवे, खाली जोडलेले हात, आणि मधे असा मजकूर: ‘गरम पाणी, तेल, चीक यांनी पोळलं तर विमा कंपनी बर्न धरत नाही, आग लागली तरच पैसे मिळतात. फाइलवर टी किंवा एक्सचा कोड आला म्हणजे पोलीस केस. एक्स म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. डॉक्टरांना थर्ड डिग्री लिहायला सांगा. हात भाजला तर ९ टक्के, तोंड भाजलं तर ९ टक्के, तेवढे लिहून घ्याच. कोडच्या शेवटी ए नसेल तर क्लेम नामंजूर. एकदा क्लेम झाला की त्याच भाजण्यावर परत काही मिळत नाही.’

मी जळगावच्या एका खासगी दवाखान्यात रेकॉर्ड आणि क्लेमचं काम करते. डिस्चार्ज झालेल्यांचे केसपेपर वाचून त्यांना आयसीडीचे कोड लावायचे आणि टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) क्वेऱ्यांना उत्तरं द्यायची, हा रोजचा धंदा. त्यामुळे या मेसेजचा परिणाम माझ्या टेबलापलीकडे येऊन उभा राहतो. पेशंटचा भाऊ वाकून हळूच म्हणतो, ‘ताई, तेवढं एक्स काढून टाका ना.’ म्हणून हे लिहिते आहे.

पहिली ओळ सरळ खोटी आहे. आयसीडी ही जागतिक आरोग्य संघटनेची आजार आणि इजांची वर्गवारी. आपल्याकडे तिची दहावी आवृत्ती चालते. तिच्यात टी २० ते टी ३२ हा गट भाजण्याचा. गटाच्या डोक्यावरच यात काय काय धरायचं ते लिहून ठेवलंय: ज्वाळा, वीज, तापलेल्या वस्तू, गरम हवा, घर्षण, आणि त्याच यादीत गरम द्रवाने किंवा वाफेने पोळणं. गव्हाचा चीक छातीवर उडाला तरी टी २१ आणि पदर पेटून छाती भाजली तरी टी २१. टी २० डोकं-चेहरा-मान, टी २२ खांदा आणि हात, टी २३ मनगट आणि पंजा, टी २४ पाय, टी २५ घोटा आणि पाऊल. कोड जागेवरून ठरतो. कशाने भाजलं हे दुसऱ्या कोडात जातं, आणि तिथे ही वर्गवारी भलतीच चौकस आहे. चहा, तेल, चीक असं खाण्यापिण्याचं काही असेल तर एक्स १०. गिझरच्या नळाचं पाणी एक्स ११, पण तेच पाणी चुलीवर तापवलेलं असेल तर एक्स १२. वाफ एक्स १३. मांड्यांच्या तापल्या खापराला हात लागला तर एक्स १५. (बंबाचं पाणी कशात धरायचं यावर आमच्याकडे वाद होतो. चुलीसारखं पेटवायचं आणि नळाने घ्यायचं, असं भांडं वर्गवारी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावं.)

उलट, चीक पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो कातडीला चिकटून बसतो आणि उष्णता धरून ठेवतो. म्हणून चिकाच्या पेशंटची जखम पुष्कळदा साध्या गरम पाण्यापेक्षा खोल निघते. तिला ‘बर्न नाही’ म्हणणारा माणूस बर्न वॉर्डात कधी गेलेला नसणार. या गटाबाहेर काय आहे, तर उन्हाने कातडी भाजणं. ते एल ५५, त्वचेच्या आजारांत. भुसावळच्या मे महिन्यात हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

मग असा क्लेम नाकारला जात नाही का? जातो, पण कारण दुसरं असतं. बहुतेक पॉलिस्यांना किमान २४ तासांची भरती लागते. पायावर चहा सांडला, ओपीडीत ड्रेसिंग केलं आणि घरी गेलो, तर ती अट पुरी होत नाही. मला वाटतं असाच कुणाचा तरी क्लेम परत आला आणि पुढे त्याचा हा मेसेज झाला.

आता टी आणि एक्सची भीती. ही ओळ मला सगळ्यात घातक वाटते, कारण तिच्यापायी माणसं कॅज्युअल्टीत खोटं सांगतात. टी हे इजांच्या प्रकरणातलं अक्षर आहे, विषबाधाही त्यातच. त्याचा पोलिसांशी काही संबंध नाही. एक्समध्ये तर घरातले साधे अपघातच आधी येतात: एक्स ०० ते एक्स ०९ आग आणि धूर, एक्स १० ते एक्स १९ गरम वस्तू आणि द्रव. स्वतःला इजा करून घेतल्याचे कोड एक्स ६० पासून एक्स ८४ पर्यंत. त्यात आगीचा एक्स ७६. दुसऱ्याने इजा केली असेल तर एक्स ८५ च्या पुढे. आगीचा एक्स ९७. आणि नेमकं काय घडलं ते ठरवण्याइतकी माहितीच नसेल तर वाय २६. भावाला जो एक्स काढून हवा होता तो एक्स १० होता, चिकाचा. तो काढला असता तर कारणाची जागा कोरी राहिली असती, आणि टीपीएची पहिली क्वेरी तिथेच आली असती.

शिवाय कोड लागतो तो डिस्चार्जनंतर. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, त्याच्या कितीतरी आधी कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरने नोंदवलेली असते. क्लेम फॉर्मचा भाग ब दवाखाना भरतो, त्यात इजेबद्दल वेगळे रकाने आहेत: स्वतः करून घेतली का, एमएलसी आहे का, पोलिसांना कळवलं का, नसेल तर का नाही. हे प्रश्न सरळ विचारलेले आहेत. त्यांची उत्तरं कोडात लपवायची सोयच नाही.

आपल्या भागात यामागे एक जुनी भीती आहे, ती मी झटकून टाकणार नाही. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य कितीतरी सुनांच्या केसपेपरवर लिहिलं गेलंय आणि ते खरं की खोटं हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं. लग्नाला ७ वर्षं झाली नसताना बाई भाजून मेली आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८० लागतं. पूर्वी तेच ३०४ ब होतं. पण तो तपास पोलिसांचा आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा. बाईचा जबाब डॉक्टरने ती शुद्धीवर असल्याचा शेरा दिल्यावर घेतात. या सगळ्यात माझ्या कोडाला काडीची किंमत नाही. मला संशय आला म्हणून मी एक्स ७६ लावू शकत नाही, आणि सासरच्यांनी गळ घातली म्हणून एक्स ०६, म्हणजे अंगावरच्या कपड्याने पेट घेतला, असंही लावू शकत नाही. डॉक्टरने जे लिहिलं त्यावरच मला चालावं लागतं. ॲसिडचं तर टी मध्येच वेगळं आहे. त्याच जागेचा कोड, पण चौथा अंक (टी धरून चौथा, टिंबानंतरचा) ४ ते ७ मधला, म्हणजे रसायनाने जळणं. आणि ॲसिडहल्ल्यातल्या बाईवर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही दवाखान्याने लगेच मोफत प्रथमोपचार करायचे, असा कायदा आहे.

‘थर्ड डिग्री लिहून घ्या.’ चौथा अंक जखमेच्या खोलीचा: १ म्हणजे नुसती लाली, २ म्हणजे फोड आलेले किंवा वरची कातडी गेलेली, ३ म्हणजे कातडीची सगळी जाडी गेलेली. एकाच जागी कमी-जास्त खोल जखमा असतील तर जास्त खोल ती धरायची. थर्ड डिग्रीची जागा पांढरी किंवा काळपट, कडक, आणि टोचलं तरी तिथे फारसं दुखत नाही. ती मोठी असेल तर कातडी लावल्याशिवाय (ग्राफ्टशिवाय) भरून येत नाही. मग फाइलमध्ये थर्ड डिग्री, रोजच्या नर्सिंग नोटमध्ये ‘ड्रेसिंगच्या वेळी पेशंट खूप ओरडतो’, आणि पंधरा दिवसांत ग्राफ्टविना सुट्टी, हे जुळतं का? टीपीएकडे बसलेला डॉक्टर हेच तीन कागद शेजारी ठेवून बघतो. वाढवलेल्या अंकाने पैसे वाढत नाहीत, क्लेम अडकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर पैसे पॅकेजवर ठरतात. पॅकेजचा क्रमांक वेगळा, आयसीडीचा कोड वेगळा, आणि जोडीला जखमेचे फोटो लागतात.

एक मात्र खरं. पोळलेल्या जखमेची खोली पहिल्या दिवशी नीट कळत नाही. दोन-तीन दिवसांनी ती जास्त खोल निघू शकते. तशी नोंद डॉक्टर नंतर करतात आणि आम्ही तीच धरतो. घरून टूथपेस्ट, हळद, शाई लावून आणलेली जखम तर आधी धुवावी लागते, तेव्हा कुठे खालची कातडी दिसते. वीस मिनिटं साध्या नळाच्या पाण्याखाली धरली असती तर जखमेलाही बरं आणि नोंदीलाही.

टक्क्यांचा हिशेब मेसेजवाल्याने अर्धाच ऐकलाय. नऊचा नियम वॉलेस यांनी १९५१ साली मांडला, पण त्यात ९ टक्के होतो तो खांद्यापासून बोटांपर्यंतचा, पुढून-मागून अख्खा हात. डोकं-मानेचे ९ टक्केही पुढचे-मागचे मिळून, म्हणजे नुसता चेहरा त्याच्या निम्मा. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण १ टक्का, छोट्या जखमा त्यानेच मोजायच्या. नुसती लाल झालेली कातडी मोजायचीच नाही. लहान पोरांना हा नियम लावला तर चुकतोच. वर्षाच्या पोराचं डोकं-मान १९ टक्क्यांच्या आसपास भरतं आणि पाय त्या मानाने कमी. त्यांच्यासाठी लंड आणि ब्राउडर यांचा १९४४ चा तक्ता आहे, चांगल्या वॉर्डात तो भिंतीवर लावलेला असतो.

हे टक्के टी ३१ मध्ये जातात: १० पेक्षा कमी असेल तर टी ३१.०, १० ते १९ ला टी ३१.१, असं ९० आणि त्यापुढे टी ३१.९. जागा माहीत असताना टी ३१ पहिला लावत नाहीत, तो जोडीला येतो.

पण टक्के वाढवून मागणाऱ्यांना माझं सांगणं वेगळंच आहे. हा आकडा क्लेमआधी सलाइनसाठी वापरतात. वजन गुणिले टक्के गुणिले ४ मिलिलिटर, हा पहिल्या २४ तासांचा ठोकताळा, आणि त्यातलं निम्मं भाजल्यापासून पहिल्या ८ तासांत. ६० किलोच्या माणसाला २० टक्क्यांवर ४८०० मिलिलिटर बसतं. कुणाच्या आग्रहाने ३० टक्के लिहिले तर ७२००. जास्तीचं २४०० मिलिलिटर त्याच माणसाच्या अंगात जाणार, आणि छातीत पाणी झालं तर ते कोणत्या कोडात लिहायचं हेही मलाच बघावं लागणार.

शेवटचा ए अमेरिकन आहे. तिकडच्या आवृत्तीत कोड सात अक्षरांपर्यंत जातो आणि सातवं अक्षर उपचाराचा टप्पा सांगतं: ए म्हणजे अजून सक्रिय उपचार चालू. पुण्यात कोर्स करून तिकडच्या कंपन्यांचं काम करणारी आपली पोरं ते शिकतात, आणि कुणीतरी तो नियम उचलून या मेसेजमध्ये चिकटवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवृत्तीत तो नाहीच.

राहिलं ‘परत काही मिळत नाही’. जखम भरल्यावर काही महिन्यांनी बोटं आखडतात, मान छातीकडे ओढली जाते, कोपर सरळ होत नाही. त्याचं ऑपरेशन ही नवी भरती असते. तिथे आखडलेपणाचा कोड आधी आणि जोडीला जुन्या भाजण्याच्या परिणामाचा टी ९५. हाताचा असेल तर टी ९५.२. टी ९५ लावायला मात्र भाजल्याचा पुरावा लागतो, म्हणजे पहिल्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर नुसतं ‘बर्न’ असेल तर ते टी ३०, म्हणजे कुठे आणि किती खोल ते माहीत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातून निघायच्या आधी कार्ड वाचा. कोणती जागा, उजवी की डावी, किती खोल, किती टक्के, कशाने आणि कुठे भाजलं, हे त्यावर नसेल तर डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या. आणि ते कार्ड लॅमिनेट करू नका. टीपीएला मूळ कागद लागला तर त्यावर शिक्का मारता येत नाही.