‘फक्त बायबल वाचा, बाकी सगळी पुस्तकं बंद करा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. दर काही महिन्यांनी नवीन फोटो लावून येतो, मजकूर साधारण तोच असतो की विश्वासणाऱ्याला बायबल पुरे, कमेंटरी (वचनांचा अर्थ उलगडणारी भाष्यं), थिऑलॉजी (देवाविषयीचा अभ्यास), भक्तिपर पुस्तकं ही सगळी माणसांची बडबड, पवित्र आत्मा आपल्याला थेट शिकवतो, पहिल्या मंडळीकडे, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांकडे, कुठे पुस्तकं होती, सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर पण ‘केवळ शास्त्र’ म्हणाला होता, पुस्तकं वाचून माणूस भरकटतो आणि विश्वास थंड पडतो. खाली चारपाच वचनांचे आकडे आणि ‘आमेन लिहा’. लोक धडाधड आमेन लिहितात, कारण ऐकायला फार भक्तिमान वाटतं, आणि बायबलच्या बाजूने बोलणाऱ्याला उलट कोण बोलणार! मला त्यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकणारा दिसत नाही, म्हणून एकेक घेतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

त्यांचं हुकमी वचन म्हणजे १ योहान २:२७, ‘कोणी तुम्हाला शिकवण्याची गरज नाही’. आता कृपा करून एक ओळ वर जा. २६व्या वचनात योहान सरळ सांगतोय की तुम्हाला बहकवणाऱ्यांविषयी मी हे लिहिलंय. त्याच अध्यायात १९व्या वचनात ते लोक मंडळीतूनच बाहेर पडलेत असं आहे, आणि २४व्यात ‘जे प्रारंभापासून ऐकलं ते तुमच्यात राहो’. म्हणजे काहीतरी नवीन गूढ ज्ञान आणलंय म्हणून येणाऱ्या लोकांकडून तुम्हाला काही शिकायचं नाहीये, एवढं त्याचं म्हणणं. आणि शिकवणाऱ्याची गरजच नसती तर योहान पाच अध्यायांचं पत्र कशाला लिहीत बसला असता? ते पत्र म्हणजे शिकवणंच आहे की. १ करिंथ १२:२८ मध्ये तर मंडळीत शिक्षक देवानेच नेमलेत असं लिहिलंय, ते वचन मेसेजमध्ये कधी येत नाही.

‘आत्मा थेट शिकवतो’ याबद्दल प्रेषितांची कृत्ये ८ वाचा. इथिओपियाचा तो मोठा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतोय, आत्मा फिलिप्पाला म्हणतो जा, त्या रथाला गाठ. नीट बघा, आत्मा तिथे हजर आहे, बोलतोय, आणि तरी त्या अधिकाऱ्याला थेट अर्थ सांगत नाही, एक माणूस पळत पाठवतो. फिलिप विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार! आता हा माणूस काही आळशी किंवा अविश्वासू नव्हता, यरुशलेमला उपासनेला जाऊन परत चालला होता. पुढे १८व्या अध्यायात अपुल्लो आहे, शास्त्रात पारंगत, त्याला पण प्रिस्किल्ला आणि अक्विला जवळ घेऊन देवाचा मार्ग जास्त नीट समजावून सांगतात. नहेम्या ८ मध्ये लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे लोक, नियमशास्त्र वाचतात आणि लोकांना कळावं म्हणून अर्थ सांगतात. चांगली कमेंटरी करते तेच काम, फरक इतकाच की ते छापलेलं असतं आणि सांगणारा कदाचित चारशे वर्षांपूर्वी गेलेला असतो.

आणि हा वाद आजचा पण नाही, हे मला फार भारी वाटतं. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताने साधारण इ.स. ३९६-९७ च्या सुमारास शास्त्र कसं समजून घ्यावं यावर एक पुस्तक लिहायला घेतलं, आणि त्याच्या प्रस्तावनेतच त्याला याच लोकांना उत्तर द्यावं लागलं, म्हणजे तेव्हाही ‘आम्हाला नियम-बियम नकोत, देव आम्हाला डायरेक्ट समजावतो’ म्हणणारे होते! त्याचं उत्तर साधं आहे. अक्षरं कोणाकडून शिकलात? माणसाकडूनच ना? मग पुढचं शिकायला लाज का वाटते? दमास्कसच्या वाटेवर पौलाला खुद्द येशूने गाठलं, तरी पुढे पाठवलं हनन्या नावाच्या शिष्याकडे, कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याला देवदूत दिसला पण देवदूताने सांगितलं काय, तर पेत्राला बोलावून घे. सोळाशे वर्षं झाली या उत्तराला, मेसेज मात्र तोच.

‘पहिल्या मंडळीकडे पुस्तकं नव्हती.’ हे तर वाचतानाच खटकायला पाहिजे. २ तीमथ्य ४:१३ काढा. पौल कैदेत आहे, आपला शेवट जवळ आलाय हे त्याला माहितीये, दोन-चार ओळी वरच त्याने ‘धाव संपवली आहे’ म्हटलंय, आणि तो मागतोय काय? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, आणि पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं नक्की आण. त्या गुंडाळ्यांमध्ये नेमकं काय होतं हे पत्रात दिलेलं नाही, त्यात जुन्या कराराचे ग्रंथ असणारच असं बरेच जण म्हणतात, असू देत. पण पौलाने इतर काही वाचलंच नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण अथेन्समध्ये तो ‘आपण त्याचे वंशज आहोत’ ही आरातस या ग्रीक कवीची ओळ घेऊन उपदेश करतो (कृत्ये १७:२८). आणि लूक तर पहिल्याच वाक्यात सांगतो की बऱ्याच जणांनी हे लिहून काढायला घेतलंय, मी पण सगळं मुळापासून शोधून क्रमवार लिहितोय. पुढे दुसऱ्या शतकात, साधारण १८० च्या आसपास, इरेनियस या बिशपने खोट्या शिकवणीविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्याला रिकामा वेळ होता म्हणून नाही, समोरचे लोक वचनं उचलूनच लोकांना फसवत होते म्हणून.

लूथरचा मुद्दा मात्र जरा नीट घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरंच जास्त फसवतं. ‘केवळ शास्त्र’ म्हणजे शेवटचा शब्द शास्त्राचा, पोप असो, परिषद असो की लूथर स्वतः, सगळ्यांना त्याच कसोटीवर तपासायचं. दुसरं काही वाचू नका असा त्याचा अर्थ त्याने स्वतःच कधी लावला नाही. १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा पुस्तकांना प्रस्तावना जोडल्या, रोमकरांसच्या पत्राची तर चांगली लांबलचक, १५२९ मध्ये घरोघरी शिकवायला लहान आणि मोठी प्रश्नोत्तरी काढली, गलतीकरांसच्या पत्रावर जाडजूड भाष्य. त्याच्या लिखाणाची वायमार आवृत्ती शंभरच्या वर खंडांची आहे! हो, १५३९ मध्ये त्याने म्हटलं होतं की माझी पुस्तकं मागे पडली आणि लोक बायबलकडे वळले तर मला बरंच वाटेल, आणि मेसेजवाले हे वाक्य आनंदाने वापरतील. पण हे त्याने लिहिलं कुठे? स्वतःच्या पुस्तकांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत. आणि तिथेच पुढे थिऑलॉजी कशी शिकायची ते तीन शब्दांत सांगितलं, प्रार्थना, मनन, आणि परीक्षेतून जाणं.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला पण यात ओढतात, तो स्वतःला ‘एका पुस्तकाचा माणूस’ म्हणाला होता म्हणून. म्हणाला होता, खरंय. त्याच माणसाने १७४९ ते १७५५ मध्ये सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी पन्नास खंडांची ख्रिस्ती ग्रंथमाला काढली आणि नव्या करारावर टिपा लिहिल्या. त्याचे काही प्रचारक म्हणायला लागले की आम्ही फक्त बायबल वाचतो, तर त्याने त्यांना जवळपास असं सुनावलं की मग तुम्ही पौलाच्याही वर गेलात, त्याला तरी इतर पुस्तकं लागायची. कोणी म्हणालं वाचायची आवडच नाही, तर उत्तर आलं, सवयीने आवड लावून घ्या, नाहीतर आपापल्या जुन्या धंद्याला परत जा. आता हा माणूस मेसेजच्या बाजूने साक्षीला उभा राहील असं वाटतं का?

आणि ‘पुस्तकांनी विश्वास थंड पडतो’ म्हणणाऱ्यांसाठी याच वेस्लीचं २४ मे १७३८. लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या संगतीत तो जरा अनिच्छेनेच गेला होता, तिथे कोणीतरी लूथरची रोमकरांसच्या पत्राची प्रस्तावना वाचत होतं, आणि ती ऐकता ऐकता त्याच्या हृदयात ती ऊब आली जिच्याबद्दल अजून मेथडिस्ट लोक बोलतात. प्रस्तावना हो, पुस्तकाची प्रस्तावना! सतराव्या शतकातला इंग्लिश लेखक जॉन बनियन घ्या. भांडी दुरुस्त करणारा, गरीब, शिक्षण जेमतेम. लग्नात बायकोने आणलं ते दोन भक्तिपर पुस्तकं, तिच्या वडिलांनी मरताना ठेवलेली. तिथून त्याला धर्माची ओढ लागली. नंतर आपण कायमचे गेलो, देवाने टाकलं, अशा भीतीत गळ्यापर्यंत बुडालेला असताना त्याला लूथरचं गलतीकरांसवरचं भाष्य मिळालं, इतकं जुनं की उलटताना पानं सुटायची, आणि वाचल्यावर त्याला वाटलं की हे कोणीतरी माझ्याच मनातून लिहिलंय. बायबल सोडलं तर जखमी मनासाठी याच्यासारखं दुसरं पुस्तक मी पाहिलं नाही, असं तो लिहून गेला. बायबल तर त्याच्या हातात आधीपासून होतंच, तो ते रात्रंदिवस वाचत होता, आणि एकेका वचनाने अजूनच घाबरत होता. त्याला गरज होती अशा माणसाची जो त्याच अंधारातून आधी जाऊन आलाय. तो माणूस शंभर वर्षांपूर्वी मेलेला होता, पुस्तकामुळे भेटला.

‘पुस्तकं भरकटवतात, फक्त बायबलने कोणी भरकटत नाही.’ विल्यम मिलर. न्यूयॉर्कचा शेतकरी, मनाने प्रामाणिक, याबद्दल वाद नाही. त्याने ठरवून सगळ्या कमेंटरी बाजूला ठेवल्या, बायबल आणि शब्दसूची (कुठला शब्द कुठल्या वचनात आहे ते दाखवणारी) एवढंच घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि दानीएल ८:१४ च्या २३०० दिवसांवरून हिशोब मांडला की येशू १८४३ च्या सुमारास येणार. शेवटी त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, लोक वाट बघत बसले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सकाळ झाली. बरोबर उलट उदाहरण पण आहे, १९८८ मध्ये प्रभू येणार म्हणून ८८ कारणं देणारं एक पुस्तक तुफान खपलं होतं. म्हणजे पुस्तकाने माणूस चुकतो आणि पुस्तकाशिवाय पण चुकतो. फक्त एकट्याने वाचणाऱ्याला ‘अरे, हे असं आधी लोकांनी करून बघितलंय’ हे सांगायला कोणी नसतं.

जरा जवळून बघायचं तर यिर्मया २९:११ घ्या, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत’. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळीकडे हे स्टेटसला. कुठलीही बरी कमेंटरी उघडा, ती पहिली गोष्ट सांगेल की हे एक पत्र आहे, इ.स.पू. ५९७ मध्ये राजा यखन्याबरोबर बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं. दुसरी गोष्ट, आदल्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतोय की दोन वर्षांत सगळं परत मिळणार, लोकांना तेच ऐकायचं होतं. त्यावर यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत (२९:१०). म्हणजे ते पत्र ऐकणारे बहुतेक मोठे लोक बाबेलमध्येच मरणार होते, आणि तरी देव म्हणतो माझे संकल्प हिताचे. आता सांगा, वचन छोटं झालं का मोठं झालं? मला तर ते आता कुठे पेलवणारं वाटतं, कारण सगळं लवकर ठीक होईल असं ते म्हणतच नाही. हे सगळं बायबलमध्येच आहे, मान्य, पण स्टेटसवरून उठून आदल्या अध्यायात कोण जातं? कमेंटरी हाताला धरून नेते.

शिवाय ‘फक्त बायबल’ म्हणणाऱ्याच्या हातातल्या बायबलमध्ये काय काय आहे तेही बघा. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, स्टीफन लँगटनच्या नावावर सांगतात. नव्या कराराच्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याचे, १५५१ चे. मधली ठळक शीर्षकं संपादकांची. आणि भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश, व्याकरण, जुनी भाष्यं यांच्याशिवाय एक पान केलेलं नसतं. त्या मेसेजमध्ये ‘२:२७’ लिहिलंय ना, तो आकडा पण माणसानेच घातलेला.

राहिलेली वचनं पटापट. ‘अक्षर मारते’ (२ करिंथ ३:६), तिथे पुढच्याच वचनात दगडावर कोरलेल्या अक्षरांचा विषय आहे, जुन्या कराराचा, छापील पुस्तकांचा काही संबंध नाही. पेत्र आणि योहान ‘निरक्षर’ होते (कृत्ये ४:१३), पण त्याच वचनात ते येशूच्या संगतीत होते असंही आहे, त्यांना शिकवणारा खुद्द प्रभू होता. कृत्ये १९:१९ मध्ये इफिसकरांनी पुस्तकं जाळली, हो, जादूटोण्याची. आणि ‘पुष्कळ ग्रंथरचना करण्याला अंत नाही’ (उपदेशक १२:१२) म्हणणारा स्वतः ग्रंथच लिहीत होता, तीन ओळी वर त्याने विचार करून, शोध करून पुष्कळ बोधवचनं रचली असंही आहे.

मेसेजमध्ये एक दुखणं मात्र खरं आहे. काही लोक बायबलबद्दल सगळं वाचतात आणि बायबल महिनामहिना उघडत नाहीत. आणि बाजारात भरपूर भुसा आहे, पैसा आणि आरोग्य याची गॅरंटी देणारा, प्रत्येक बातमीत शेवटचा काळ शोधणारा. त्यावर उपाय बिरुया या गावच्या लोकांनी केला तो, कृत्ये १७:११, पौलाचं बोलणं मनापासून ऐकून घेतलं आणि मग रोज शास्त्रात तपासून पाहिलं. ऐकायचंच नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं. मी तरी असं करतो की आधी उतारा नुसता वाचायचा, तीनचारदा, मागचा-पुढचा अध्याय धरून, प्रश्न लिहून काढायचे, आणि मगच भाष्य उघडायचं, शक्यतो दोन वेगळ्या परंपरांची दोन, एखादं तरी जुन्या काळातलं. जिथे दोघांचं पटत नाही तिथे परत उताऱ्याकडे यायचं. आणि ज्या पुस्तकात लेखक वचन अर्धंच देतो, आकडा देतो पण आजूबाजूचं लपवतो, ते तिथेच मिटायचं, मग मुखपृष्ठावर नाव कोणाचंही असो.