गार्डाचा डबा आणि मामाचं शेत

ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, मोहर्लीच्या रस्त्याला माझ्या मामाचं पाच एकर शेत आहे. धान पेरतात, निम्मं रानडुकरं खातात, उरलेलं घरी येतं. तिथे बारा खोल्यांचं रिसॉर्ट काढायचं मामेभावाच्या मनात आहे. त्याच्या सख्ख्या बहिणीचा त्याला कडाडून विरोध. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षं हे चाललंय. गंमत अशी की साक्षीला दोघंही अमेरिकेलाच बोलावतात. भाऊ म्हणतो, "तिथं तर रेल्वे कंपनीनंच जंगलात हॉटेलं बांधली, कोणी बोंबललं का?" ताई म्हणते, "तिथली माणसं जंगल कशी जपतात ते बघ जरा." मग दोघंही मला विचारतात, "दादा, तू तिथं राहतो, तू सांग ना."

मी सिॲटलला राहतो. मला इथल्या जंगलातलं काय कळतं, तर पार्किंग कुठे मिळतं ते. पण असल्याच एका रेल्वे हॉटेलात आम्ही तीन रात्री राहून आलो होतो, तेव्हा साक्ष द्यायला हरकत नाही.

मोंटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण कडेला एसेक्स नावाचं इवलंसं गाव आहे. सिॲटलहून संध्याकाळी सुटणारी 'एम्पायर बिल्डर' ही रेल्वेगाडी सकाळी तिथे पोचते, वेळेवर असली तर. चढणारं-उतरणारं कोणी असेल तरच थांबते. समोर रुळांना लागूनच लाकडी पट्ट्यांची इमारत दिसते, तेच 'आयझॅक वॉल्टन इन'. नाव मासेमारीवर पुस्तक लिहिणाऱ्या सतराव्या शतकातल्या एका इंग्रजाचं. इमारत १९३९ ची, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या गरजेतून उभी राहिलेली.

पाहुण्यांसाठी नव्हे, रेल्वेच्या माणसांसाठी. एसेक्सच्या पुढे मारायस खिंडीचा चढ लागतो. खिंड ५,२१३ फुटांवर. जड मालगाड्यांना तिथे जादा इंजिनं जोडून ढकलावं लागतं. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर लागतात ना, तसंच. त्या इंजिनांवरचे ड्रायव्हर, फायरमन, हिवाळ्यात रुळांवरचं बर्फ काढणारे गँगमन यांना झोपायला जागा हवी होती. म्हणजे आपल्याकडे रेल्वेत जिला रनिंग रूम म्हणतात, ती ही. माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते, बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे लॉबीतले कंदील, जुन्या गार्डांच्या टोप्या, भिंतीवरची वेळापत्रकं पाहताना मला हसू येत होतं. याच वस्तू आमच्या घरी माळ्यावर पडल्या होत्या, आई भंगारवाल्याला द्यायला निघाली होती.

रुळांवरून एक पादचारी पूल पलीकडे जातो. तिकडे झाडीत जुने गार्डाचे डबे ठेवले होते. आत पलंग, शेगडी, छोटं स्वयंपाकघर केलं होतं आणि ते पाहुण्यांना भाड्याने देत होते. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर डबा आतून दाखवला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ब्रेकव्हॅनमध्ये झोपायचे पैसे देतात लोक? आम्हाला तर तिथं झोपलो की मेमो मिळायचा."

झोप आली नाही ती गोष्ट वेगळी. मालगाड्या रात्रभर जातात. आधी खिडकीची काच बारीक थरथरते, मग पलंगाला कळतं, आणि आवाज सगळ्यात शेवटी येतो. मी बल्लारशाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, मला बरं वाटलं. बायको पुण्याची, ती उशी कानावर घेऊन पहाटेपर्यंत गाड्या मोजत होती.

आता भावाच्या मुद्द्याकडे येतो. रेल्वे कंपनीने हॉटेलं बांधली, हे खरं. ग्लेशियर उद्यान १९१० मध्ये झालं, आणि ते व्हावं म्हणून ग्रेट नॉर्दर्नचे अध्यक्ष लुई हिल यांनी जोर लावला होता. उद्यान झाल्यावर पाचेक वर्षांत कंपनीने स्विस धाटणीची मोठाली हॉटेलं आणि डोंगरातल्या शॅलेंची, म्हणजे छोट्या विश्रामगृहांची, रांगच उभी केली. त्यामागे निसर्गप्रेम किती होतं ते माहीत नाही, तिकिटं मात्र नक्की होती. युरोपला जाणाऱ्या श्रीमंतांनी आधी अमेरिका पाहावी, आणि ती आमच्या गाडीतून पाहावी, असा तो धंदा.

पण ती जमीन कोणाची होती? उद्यानाचा पूर्वेकडचा भाग ब्लॅकफीट या तिथल्या आदिवासी लोकांनी १८९५ च्या करारात पंधरा लाख डॉलरला सरकारला दिला होता. शिकारीचे, लाकूडफाट्याचे हक्क राखून. उद्यान झालं आणि ते हक्क कागदावरच राहिले. पुढे याच लोकांना रेल्वेने जाहिरातीत उभं केलं. स्टेशनावर पिसांचे टोप घालून पाहुण्यांचं स्वागत, हॉटेलच्या हिरवळीवर त्यांचे तंबू. ज्यांना जंगलातून बाहेर काढलं, तेच जंगलाच्या पोस्टरवर.

हे आपल्याला नवीन नाही. ताडोबा हे नावच तारूचं. वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा गावप्रमुख, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. कोळसा, बोटेझरी, जामणी ही गावं उठली. आणि आज प्रत्येक रिसॉर्टच्या भिंतीवर गोंडी चित्रं आहेत. भावा, तुझ्या आराखड्यातही स्वागतकक्षात आहेत, मी पाहिलीत.

एसेक्सच्या हॉटेलची एक गोष्ट मात्र तुझ्या खास कामाची. रेल्वेला लागत होतं त्याहून ते जरा ऐसपैस बांधलं, कारण उद्यानाचं दक्षिणेकडचं प्रवेशद्वार तिथेच होणार, अशी तेव्हा चर्चा होती. मग महायुद्ध आलं. गेट झालं नाही, आजतागायत नाही. हॉटेल टिकलं ते त्या गेटवर नाही, मळक्या कपड्यांत झोपायला येणाऱ्या रेल्वेच्या माणसांवर. आपल्याकडे "इथून नवीन गेट निघणार आहे" एवढ्या एका वाक्यावर एकराचा भाव कुठल्या कुठे जातो. तुला ते वाक्य कोणी सांगितलं, ते एकदा ग्रुपवर लिही.

ताईचा मुद्दा मला मनातून जवळचा, म्हणूनच तो जास्त तपासायला हवा. इथली माणसं जंगल जपतात, कबूल. हॉटेलपासून थोड्या अंतरावर, महामार्गाला लागून एक कडा आहे. पांढऱ्या पहाडी बकऱ्या तिथली खारट माती चाटायला उतरतात. तिथला पूल नव्याने बांधताना बकऱ्यांना खालून जायला वाट ठेवली, म्हणून त्यांना आता रस्ता ओलांडावा लागत नाही. आम्ही नऊ मोजल्या, त्यातलं एक पिल्लू सारखं घसरत होतं. पण ताई, असंच आपण पेंचलाही केलंय. नागपूर-जबलपूर महामार्गावर नऊ ठिकाणी जनावरांसाठी खालून वाटा आहेत, एक तर साडेसातशे मीटरची. वाघ त्याखालून जाताना कॅमेऱ्यात आलेत. ते कोणाच्या सद्‌गुणामुळे झालं नाही. लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा झालं.

आणि इथेही तसंच. १९८० च्या दशकाच्या शेवटी याच मार्गावर मक्याच्या मालगाड्या घसरल्या. मका रुळांकडेला सांडला, बराचसा तिथेच मातीखाली राहिला, तो आंबला. मग ग्रिझली अस्वलं आली. आंबलेला मका खाऊन झिंगलेली अस्वलं बघायला लोक गाड्या थांबवत. अस्वलं रुळांवर, आणि रुळांवर गाड्या. कित्येक मेली. ग्रिझलीला १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे मेलेल्या अस्वलाचा जाब रेल्वेला द्यावा लागतो. तेव्हा कुठे १९९१ च्या सुमारास रेल्वे, उद्यान, वनखातं, स्थानिक लोक एकत्र बसले. सांडलेलं धान्य ताबडतोब ओढून घेणारी व्हॅक्यूमची गाडी आली. तरी संपलं नाही. २०१९ मध्ये या भागात आठ ग्रिझली रेल्वेखाली गेल्या, आणि २०२३ मध्ये वन्यजीव संस्थांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला. ताई, तू म्हणतेस ती अमेरिका ही अशी आहे: कायदा, खटला, आणि धान्य ओढणारी एक गाडी.

हे वाचताना तुम्हा दोघांनाही जुनोना आठवला असेल. नोव्हेंबर २०१८, बल्लारशा-गोंदिया पॅसेंजरखाली वाघाचे तीन बछडे गेले. चंद्रपूरपासून हाकेच्या अंतरावर. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी तीन फोटो आणि वीस हात जोडलेले आले. मी मागे जाऊन पाहिलं. त्यानंतर त्या रेल्वेलाइनबद्दल आपण एक अक्षर लिहिलेलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने त्याच गोंदिया-बल्लारशा मार्गाचं दुहेरीकरण मंजूर केलं. २४० किलोमीटर. पूर्व विदर्भाला ते हवंच आहे, गार्डाच्या मुलाने रेल्वे नको म्हणावं तर कोणत्या तोंडाने? पण दुसरी लाइन नकाशावर आहे तोवरच खालून वाटा मागता येतात. रूळ पडल्यावर त्याच वाटेसाठी गाड्या बंद ठेवाव्या लागतात, आणि मग रेल्वे नाही म्हणते. रात्री कॉरिडॉरच्या, म्हणजे जनावरांच्या ये-जा करायच्या पट्ट्याच्या, टप्प्यात गाड्यांचा वेग किती असावा, कुठे भराव टाकायचा आणि कुठे पूल, हे आता ठरतंय. आणि आपण दोन वर्षं भांडतोय बारा खोल्यांवर. रिसॉर्टला माझा विरोध नाही. सहा खोल्या कर, बोअर एकच मार, रात्री दिवे बंद ठेव, मोहर्लीच्याच पोरांना कामावर घे. पण अमेरिकेचा दाखला तुम्ही दोघंही देता, आणि रेल्वे कंपनीच्या रुळांचा एकानेही दिला नाही, याचं मला नवल वाटतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. ताईने अंगठा दिला. बाबा सहसा ग्रुपवर फक्त सुप्रभात लिहितात. त्यांनी अर्ध्या तासाने लिहिलं, "डबल लाइनवर एक गाडी जात असली की दुसरी ऐकू येत नाही. आमचा एक गँगमन तसाच गेला. जनावराचं काय घेऊन बसलास."

भावाने विचारलं, "दादा, त्या गार्डाच्या डब्याचं एका रात्रीचं भाडं किती होतं?" मी आकडा कळवला. तेव्हापासून तो जुना डबा कुठल्या लिलावात मिळतो ते शोधतोय.