एकशे अकरा पॉइंट चार

आमच्या काजूच्या कारखान्यात बी तोलायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. मागच्या मे महिन्यात, कामगार जेवायला गेलेत असं बघून, मी गुपचूप त्यावर उभा राहिलो. एक मावशी सालपटं झाडायला मागे राहिल्या होत्या, ते माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी लाल आकडे मोठ्याने वाचले. "एकशे अकरा पॉइंट चार! भाऊनु, दीड पोतां भरलात की!"

त्याच्या चारच दिवस आधी मी एका कागदावर माझं वजन 98 लिहून सही केली होती. त्या कागदाबद्दल आज लिहायचं आहे.

मी वेंगुर्ल्याचा, वय 43. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकायची खाज सुटली. त्यासाठी महिन्यातून दोनदा आंबोली चढून घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलला जातो. घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मावशी-आजीने विचारलं, "तुका घेवन इमान उडतला काय रे?" सगळे हसले, मीही हसलो. पण अख्ख्या घरात मुद्द्याचा प्रश्न तेवढा एकच होता, हे मला नंतर कळलं.

आमचं विमान सेसना 152. दोन सीटचं, 110 अश्वशक्तीचं. ही विमानं 1977 ते 1985 या काळात बनली. जगभरातल्या पायलटांच्या किती पिढ्या त्यांच्यावर शिकल्या, आणि अजून शिकतायत. जमीन सोडताना सगळं मिळून जास्तीत जास्त 1670 पौंड, म्हणजे 757 किलो चालतं. आमच्या विमानाचं रिकामं वजन 512. उरले 245. त्यात दोन माणसं, हेडसेट, पाण्याच्या बाटल्या आणि पेट्रोल. टाक्या फुल्ल केल्या तर वापरता येण्याजोगं 93 लिटर, लिटरला साधारण 720 ग्रॅम धरून 67 किलो. आता गणित तुम्हीच करा. उरतात 178. दोन माणसं आणि त्यांचं सामान मिळून 178. मी एकटाच 111.

ही विमानं बनली तेव्हा अमेरिकेत हिशेबाला एक माणूस 170 पौंड, म्हणजे 77 किलो धरायची पद्धत होती. बायको म्हणाली, ती माणसं दाखवा मला कुठे असतात.

त्या दिवशी लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा आणि तोलाचा तो कागद, भरताना शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "वजन?" मी म्हटलं 98. तोंडातून सहज आलं, लग्नातल्या सुटाचं माप सांगावं तसं. सरांनी स्वतःचे 86 लिहिले. सामान 3 किलो, पेट्रोल 58 किलो म्हणजे 80 लिटर. बेरीज बरोबर 245. सरांनी पंखावर चढून टाकीत डिपस्टिक घातली, बाहेर काढून उन्हात धरली, ओली रेघ बघितली आणि मान हलवली. लिटरमध्ये काटेकोर, किलोत मात्र माझ्या शब्दावर विश्वास.

दुपारचे दोन. तापमान 38. धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फुटांवर. गरम हवा विरळ असते. पंखांना धरायला कमी, पंख्याला ढकलायला कमी, इंजिनाला ओढायला कमी. त्या उकाड्यात विमानाच्या लेखी आम्ही पाच हजार फुटांच्या वर होतो, म्हणजे कळसूबाईच्या जरा खालून टेकऑफ करत होतो म्हणा ना. आपल्याकडच्यांना वाटतं हे घाटावरचं दुखणं, आपण समुद्रालगत आहोत. तसं नाही. मे महिन्यात वेंगुर्ल्याला 34 तापमान असलं की किनाऱ्यावर उभ्या विमानाला आंबोलीच्या उंचीची हवा मिळते. वर आपली दमट हवा. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे त्यातही थोडं जातं.

पुस्तकात या विमानाचा चढ मिनिटाला 715 फूट दिलाय, समुद्रसपाटीला आणि 15 अंश तापमानाला. आमची सुई साडेतीनशेच्या आसपास लटपटत होती. धावपट्टीच्या टोकापलीकडची बाभळीची रांग नेहमी पायाखाली आरामात जाते. त्या दिवशी तिच्या शेंगा दिसल्या. सर म्हणाले, "गर्मी आहे." मी गप्प. तेरा किलो माझ्या पोटात होते आणि ते मलाच ठाऊक होते.

काट्यावरच्या त्या प्रकरणानंतर सरांना फोन करून खरं सांगितलं. आता शिव्या पडणार म्हणून डोळे मिटून घेतले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ते 86 माझ्या चार वर्षांपूर्वीच्या मेडिकलचे आहेत." पुढच्या वेळी काट्यावर 95 निघाले. म्हणजे आम्ही 22 किलो जास्त घेऊन उडलो होतो, आणि दोघांनीही एकमेकांच्या आकड्याची खात्री केली नव्हती. माझा आकडा त्यांनी पुन्हा विचारला असता तर मला लाज वाटली असती, त्यांचा मी विचारला असता तर आगाऊपणा झाला असता.

बावीस किलोंनी आम्ही मेलो असतो असं मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या सीएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाचा, ठोकताळा असा, की वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर टेकऑफला वीस टक्के जास्त अंतर धरा. आमचं तीन टक्के वाढलं होतं. पण तीन टक्के एकटे येत नाहीत हो. ऊन असतं, इंजिन म्हातारं असतं, वारा मागून फिरतो, आणि पुस्तकातले आकडे नव्या विमानावर सराईत पायलटने काढलेले असतात. शिवाय 757 हा सल्ला नाही, मर्यादा आहे. एक किलो वर गेलं तरी उड्डाण बेकायदा.

मोठ्या विमानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. चिपीच्या विमानतळावर आपली बॅग काट्यावर चढते, आपण नाही. सत्तर माणसांत एक माझ्यासारखा असतो, एक कॉलेजातली काडी असते, सरासरी जमते. दोन माणसांत कसली सरासरी? आणि सरासरी मधल्या आकाराच्या विमानालाही फसवते. 8 जानेवारी 2003 ला अमेरिकेत शार्लटला 19 सीटचं बीचक्राफ्ट 1900 टेकऑफनंतर लगेच पडलं, 21 जण गेले. मुख्य दोष एलिव्हेटरच्या, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या, केबलची जुळणी चुकल्याचा होता. पण त्याच्या जोडीला वजन मर्यादेबाहेर आणि मागे झुकलेलं होतं, आणि कागदावर ते दिसलंच नाही, कारण कागदावर सरासरी माणसं होती. खरी माणसं जास्त भरत होती. त्यानंतर अमेरिकेला आपले सरासरी आकडे वाढवावे लागले.

मला जास्त राग कशाचा येतो सांगू? जाड माणसाने विमानाच्या नादाला लागू नये म्हणणाऱ्यांचा नाही. ते उघड बोलतात, त्यांना उत्तर देता येतं. राग येतो तो मोघम सभ्यतेचा. "असाल नव्वदच्या आसपास, चला लिहितो." ही सभ्यता आपल्याकडे होडीत कुणी पाळत नाही. लहानपणी उलांडीच्या होडीतून खाडी ओलांडायचो. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, एकेकाला पायापासून डोक्यापर्यंत बघायचा आणि हात करायचा. "तू मदी बस. तू नाळेर जा. गे बाय, ती टोपली हयसर ठेव." माझे काका गावातले मोठे प्रतिष्ठित, पण देहही मोठा. त्यांना तांडेल सरळ सांगायचा, "तुमी इल्यात तर दोघांका पुढच्या फेरीक येवंदेत." काका रुसल्याचं मला आठवत नाही. रुसून जाणार कुठे, पाणी सगळीकडून सारखंच.

152 मध्ये दोन्ही सीट शेजारी शेजारी, तोलाच्या बिंदूपासून फार लांब नाहीत. म्हणून जाड माणसाने विमान मागे-पुढे फारसं कलत नाही, एकूण वजनच आड येतं. तोल बिघडवतात त्या मागच्या पिशव्या. पायपर कब या जुन्या विमानात सीट एकामागे एक. तिथे एकटा पायलट मागच्या सीटवर बसून उडवतो, पुढची रिकामी. हे कळलं तेव्हा तांडेलच आठवला.

आणि वजनाच्या पलीकडे नुसता आकारही असतो, त्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. आतली रुंदी जेमतेम मीटरभर. सर आणि मी बसलो की एकाचा खांदा दुसऱ्याच्या मागे सरकवावा लागतो, नाहीतर दार लागत नाही. उतरताना शेवटच्या क्षणी योक, म्हणजे विमानाचं हँडल, पोटाशी ओढून घ्यायचं असतं. माझ्या बाबतीत ते पोटाशी फार लवकर येतं. सीट दोन खाचा मागे घेतली की योक मोकळं फिरतं, पण मग रडरच्या पेडलपर्यंत पाय पुरत नाही. शेवटी पाठीला उशी, सीट एक खाच मागे, आणि जमिनीवर उभं असताना योक पूर्ण ओढून पोट आडवं येत नाही ना याची खात्री. ही चाचणी चेकलिस्टमध्ये छापलेली नाही. माझ्या वहीत मी तिला पहिल्या नंबरावर घातलीय.

उपाय आहे. सेसनाचंच 172 एस घ्या, चार सीटचं, 180 अश्वशक्ती, मर्यादा 1157 किलो. दोघे जाडे ऐसपैस बसतात. पण तासाचा दर जास्त पडतो. त्यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. सामोआ एअर या विमान कंपनीने किलोवर तिकीट लावल्याची बातमी 2013 मध्ये आली तेव्हा जग हसलं, मीही हसलो होतो. आता वाटतं, निदान त्यांनी माणसाला काट्यावर उभं केलं. शाळेने मात्र प्रवेश घेतानाच सांगायला हवं, की बाबा, तुझे तास या विमानात पूर्ण टाकीने होणार नाहीत. फी भरून झाल्यावर कशाला?

ऑफिसात काटा ठेवा, एवढीच माझी मागणी. दारातच. विद्यार्थी, सर, हौसेने फेरी मारायला आलेली पुतणी, सगळ्यांनी बुटांसकट चढायचं.

शाळेने अजून ठेवलेला नाही. तोवर आमचं आम्ही चालवतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी कारखान्यातल्या काट्याचा फोटो सरांना पाठवतो, ते त्यांचा पाठवतात, बाकीचं पेट्रोल. ऑगस्टमध्ये मी 106.8 होतो, सर 93.2, सामान 3. टाकीत 58 लिटर बसले.

गणपती झाल्यावर पुन्हा फोटो पाठवला. 108.9. दोन मिनिटांत उत्तर आलं, "मोदक?"

"एकवीस."

"तीन लिटर कमी भरतो."